व्ही. के. सरांच्या घरी

आमच्या धंद्यात पन्नाशी म्हणजे म्हातारपणच. ऑफिसातली पोरं मला मॅम म्हणतात, लिफ्टमध्ये आधी शिरू देतात, आणि मी एखाद्या जुन्या भाषेचं नाव घेतलं की अशी हसतात जणू मी घोड्यावर बसून कामाला यायचे. हसू देत बापडी. त्यांना अडलं की ती मशीनला विचारतात. मशीन चुटकीसरशी उत्तर देतं, वर ‘छान प्रश्न विचारलात’ असंही म्हणतं. आम्हाला असं कधी कुणी म्हटलं नाही. आम्हाला अडलं की माणूस शोधावा लागायचा, आणि एकदा तर मी बापाला बरोबर घेऊन, बस बदलत, हातात कोकमाच्या आगळाची बाटली धरून असा माणूस शोधायला मुलुंडला गेले होते. ते एकदा सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल.

आम्ही वाकोल्याला राहायचो. दोन खोल्या, बाहेर सामायिक गॅलरी, आणि गॅलरीत सकाळपासून कुणाच्या ना कुणाच्या कुकरची शिट्टी. बाबा पूर्वी गिरणीत साच्यांवर होते, म्हणजे कापड विणायच्या यंत्रांवर. गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. मग बाबा पार्ल्याच्या एका इमारतीत लिफ्टमन म्हणून लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथल्या स्टुलावर बसले. गिरणीने दोन गोष्टी त्यांना कायमच्या दिल्या. एक म्हणजे आवाज. साच्यांच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागायचं, त्यामुळे घरात मीठ मागायचं तरी बाबा पलीकडच्या फाटकावर ऐकू जाईल असं मागायचे. आमच्या घरातली गुपितं आम्हाला कळायच्या आधी शेजारच्या पेडणेकरबाईंना कळत. दुसरी गोष्ट म्हणजे साच्याचा ताल. मी लहान असताना झोपत नसले की बाबा मला छातीशी धरून घशातून साचा काढायचे, खटॅक-खट, खटॅक-खट, आणि पावलंही त्याच तालात टाकायचे. अंगाई बिंगाई आमच्याकडे नव्हती. आई म्हणायची, पोरगी कशी झोपता काय म्हायत, माका तर ह्या ऐकान जाग येता.

रविवार म्हणजे मासे. बाजारातून बाबा बांगडे आणायचे, आई तिरफळं घालून तिखलं करायची, आणि दुपारी सोलकढी पिऊन घरभर सगळे लवंडायचे. त्या एका दुपारी आमच्याकडे बाबांचासुद्धा आवाज नसायचा. मला अजून रविवारी अडीच-तीनच्या सुमाराला तिरफळांचा वास येतो. इथे दहाव्या मजल्यावर, जिथे आम्ही तिघं आणि एक पोळीवाली, तिथे कुठून येतो देव जाणे.

कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी अंधेरीला मरोळच्या बाजूला परेशभाईंकडे नोकरीला लागले. परेशभाई घाटकोपरचे. खाली पुठ्ठ्याची खोकी बनवणारा गाळा, वर आमचं ऑफिस. आम्ही दवाखाने, लॅब, औषधवाले यांच्यासाठी पावत्यांचे आणि रिपोर्टचे प्रोग्राम लिहायचो. खालून खळीचा वास यायचा, दुपारी पत्रा तापायचा, आणि मला ते सगळं प्रचंड आवडायचं. हे स्पष्टच लिहिते, कारण तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती. आपण चार ओळी लिहितो आणि तिकडे घाटकोपरच्या एका लॅबमध्ये पावती आपोआप छापून येते, याचा मला जो आनंद व्हायचा तो मी घरी सांगितला असता तर आईने मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्या. माझ्या मामाने परळच्या एका पतपेढीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. बरी जागा होती, सुट्ट्या भरपूर. ‘ह्या खोक्यांच्या वरचा जमला नाय तर पतपेढी आसाच’, असं आई अधूनमधून म्हणायची. ती चांगल्यासाठीच म्हणायची. पण ते ऐकलं की मी विषय बदलायचे.

आणि मग नेमकी घाटकोपरच्या त्या लॅबनेच वाट लावली. रक्त-लघवी तपासायची साधी लॅब. दोन कॉम्प्युटर होते. मुख्य कॉम्प्युटर आत डॉक्टरांच्या केबिनमध्ये, सगळी माहिती त्यात. दुसरा बाहेर काउंटरवर, तिथे सीमा नावाची मुलगी पावत्या करायची. तिचा कॉम्प्युटर प्रत्येक वेळी आतल्याकडून माहिती मागून घ्यायचा. एवढंच होतं सगळं. पण दुपार झाली की सीमाच्या पडद्यावर एक पांढरी चौकट यायची, त्यात एक नंबर आणि ‘फाइल सापडत नाही’. फाइल तर आत जिथल्या तिथे. सीमा आम्हाला फोन करायची, मी धावत मरोळहून घाटकोपरला जायचे, आत डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर बसून सगळं तपासायचे, बाहेर सीमाला म्हणायचे, आता कर गं. आणि पावती झकास छापून यायची. सीमा माझ्याकडे असं बघायची जणू तिनेच काही चोरलंय. मी ऑफिसात येऊन प्रोग्राम बदलायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. असं कितीतरी दिवस चाललं. मी तो प्रोग्राम उलटा केला, सुलटा केला, अर्धा फेकून पुन्हा लिहिला. शेवटी डॉक्टर म्हणाले, तुमचं हे काढून न्या, आमची कार्बनची पावतीपुस्तकं बरी होती.

परेशभाई वाईट माणूस नव्हता. त्याने मला बसवलं, चहा मागवला आणि म्हणाला, ‘जो बेटा, बघ, मी डॉक्टरला सोमवार संध्याकाळपर्यंत थांबवलाय. लॅब गेली तर त्याच्या भावाचा दवाखाना पण जाणार. मग तुला काय काम देऊ मी? तूच सांग.’ तो शुक्रवार होता. मी चहा तसाच ठेवला आणि पुन्हा मशीनसमोर जाऊन बसले.

आता फोरमबद्दल सांगायला हवं. इंटरनेटवर तेव्हा आमच्यासारख्यांचे चव्हाटे असायचे, तिथे जगभरातले प्रोग्रामर आपापली रडगाणी लिहायचे. ज्याला उत्तर ठाऊक असेल तो सवडीने लिहायचा. ओळख ना पाळख, पैसा ना अडका, तरी लोक एकमेकांसाठी तास-तास खर्च करायचे. मला आजही त्याचं नवल वाटतं. नियम कडक होते. आधी शोधा, मग विचारा. नुसतं ‘चालत नाही’ म्हणू नका, काय केलं, काय झालं, नंबर काय आला, सगळं लिहा. नाहीतर कुणीतरी अमेरिकेतून तुम्हाला फटकवायचा. तर त्या शुक्रवारी मी सीमाचा तो नंबर तिथे टाकून शोधला आणि खुर्चीतून उडालेच. कुणा व्ही. के. नावाच्या माणसाने वर्षभरापूर्वी अगदी तोच प्रश्न विचारला होता. तोच नंबर, एक कॉम्प्युटर आत, एक बाहेर, दुपारीच बंद पडतो, आपण बघायला गेलो की चालतो. शब्द न् शब्द माझा. खाली लोकांनी सुचवलेले दहा उपाय, तेही सगळे माझे करून झालेले. आणि अगदी शेवटी व्ही. के.नेच लिहिलं होतं, ‘सॉल्व्ह्ड. थँक्स.’ म्हणजे सुटलं, धन्यवाद.

बस. कसं सुटलं त्याचा पत्ता नाही. त्याखाली लोकांनी टाहो फोडला होता. सर, कसं? सर, प्लीज सांगा. सर, आमचंही तेच होतंय. कुणी ब्राझीलचा, कुणी नागपूरचा. व्ही. के. सर गेले ते गेले. आमच्या जातीच्या माणसांना ही खोड असते, स्वतःचं सुटलं की दार ओढून घ्यायचं. आज माझ्या हाताखालच्या पोरांनी मला नुसता ‘डन’ असा मेसेज केला तर मी जाम तापते, त्याचं मूळ त्या शुक्रवारात आहे.

व्ही. के.च्या नावापुढे ‘मुलुंड, मुंबई’ असं होतं आणि एक ईमेल. अहो, मुलुंड! ब्राझीलवाल्याला नसेल, मला तर बसने जाता येत होतं. मी ‘रिस्पेक्टेड सर’ म्हणून लांबलचक मेल लिहिला. तासाभरात उत्तर आलं, ‘आठवत नाही. ते काम केव्हाच सोडलं. सॉरी.’ मी पुन्हा लिहिलं, सर, आठवत नसलं तरी चालेल, मी समोर बसून सगळं सांगेन, सांगता सांगता आठवेल, माझी नोकरी अडकलीय यात. बराच वेळ काही आलं नाही. मग ऑफिस बंद करताना आलं. मुलुंड पूर्वेचा, गव्हाणपाड्याजवळचा पत्ता, आणि ‘रविवारी चारनंतर’.

घरी सांगितलं तर आईचा हात पिठात थांबला. ‘अनोळखी पुरुषाच्या घराक एकटीच जातलंस?’ मी म्हटलं, आई, ते सर आहेत. ‘सर असूंदेत नायतर सायब, बाबा येतले.’ बाबा कोपऱ्यात पायांना तेल लावत होते, ते गरजले, ‘मिया येतंय.’ म्हणजे पेडणेकरबाईंनाही कळलं. मग पुढचा प्रश्न, रिकाम्या हाताने कसं जायचं. गावाहून आलेले सुके बांगडे होते, पण आईने विचारलं, व्ही. के. म्हणजे आडनाव काय? मला माहीत नव्हतं. ‘के म्हणजे कुलकर्णी असले तर? कामत असले तर खातीत, कामेरकर असले तर खातीत, कुलकर्ण्यांच्या घरात सुकी मासळी नेलंस तर तुका काय शिकवतले?’ रविवार सकाळपर्यंत आमच्या घरात के-पासूनची आडनावं चालली होती. शेवटी आई म्हणाली, आगळ न्या, आगळ कोणाकय चलता. कोकमाच्या गर्द लाल आगळाची बाटली, बुचावर प्लास्टिक, प्लास्टिकवर रबर, अशी बाबांच्या मांडीवर बसून कुर्ल्याहून पुढे आग्रा रोडने मुलुंडला आली.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबांनी जिन्याकडे बघून ‘हयसर माझा काय काम नाय’ म्हटलं आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन चढायला लागले. मी बेल दाबली. दार उघडलं ते माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या बाईने. अंगात गाऊन, खांद्यावर पंचा, कडेवर एक लालबुंद रडणारं बाळ, केस कसेतरी वर बांधलेले. मी म्हटलं, ‘व्ही. के. सर आहेत का?’

ती म्हणाली, ‘मीच.’

मी तशीच उभी. बाबांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी मागून सगळ्या जिन्याला विचारलं, ‘सर खंय असत?’

‘मीच सर, काका,’ ती म्हणाली. ‘विद्या कुडाळकर. या आत.’

कुडाळकर. मी आणि बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. आतून एक म्हातारा आवाज आला, ‘कोण गो?’ विद्याच्या सासूबाई. त्यांनी बाबांना खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, ‘खंयसून इलात?’ बाबा म्हणाले, वाकोल्यासून. ‘ता नाय हो, गाव?’ कसाल, बाबा म्हणाले. सासूबाईंचं माहेर ओरोस, म्हणजे शेजारचंच. झालं. बाटलीवरचा रबर काढून त्यांनी वास घेतला, ‘ह्या खरा आगळ’ म्हणाल्या, आणि जरा थांबून, ‘सुके बांगडे नाय हाडलात?’ हे मी रात्री आईला सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

विद्या मात्र अवघडून बसली होती. म्हणाली, ‘अगं, मी उगाच बोलावलं तुला. मला खरंच आठवत नाही. तू नोकरीचं लिहिलंस म्हणून नाही म्हणवलं नाही. मी आता त्यातली राहिलेच नाही.’ तिचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता, त्यावर चादर, चादरीवर घडी केलेल्या लंगोटांची चळत. ती लंगोट उचलायला गेली की बाळ किंचाळायचं. सासूबाईंनी घेऊन पाहिलं, तरी तेच. दात येत होते बिचाऱ्याचे. मी मनात म्हटलं, संपलं, आता पतपेढी. तेवढ्यात बाबांनी हात पुढे केले. ‘दी माका,’ म्हणाले. विद्या बिचकली, पण दिलं. बाबांनी त्याला छातीशी धरलं, गॅलरीच्या दाराकडे वळले आणि घशातून साचा सुरू केला. खटॅक-खट, खटॅक-खट. बाळ आधी चकित झालं. मग गप्प झालं. मग बाबांच्या सदऱ्याचं बटण तोंडात घालून ऐकत राहिलं. मला त्या क्षणी रडू येईल असं वाटलं, कारण तो ताल मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता आणि तो बाबांना अजून जसाच्या तसा येत होता.

विद्याने चादर काढली. आधी ती पलंगाच्या कडेवर तिरकी बसली होती, उठायच्या तयारीत. मी सांगत गेले आणि ती विचारत गेली. आत कोण बसतं? डॉक्टर दुपारी कुठे जातात? नंबर येतो तेव्हा आतल्या कॉम्प्युटरवर कोण असतं? हळूहळू तिने खुर्ची ओढली, पंचा खांद्यावरून काढला, एक पाय वर घेतला. आवाजही बदलला. ‘थांब, थांब, हे नीट सांग’ असं म्हणायला लागली. मी तिला तासाभरापूर्वी भेटले होते, पण व्ही. के. सर मला तेव्हा भेटले. तरी आठवत मात्र काही नव्हतं. ‘विक्रोळीचा दवाखाना होता,’ एवढंच म्हणायची. ‘पोटात हा होता. मी महिनाभर तो प्रोग्राम बदलत होते. मग एकदम सुटलं. पण कशाने?’

सासूबाई चहा आणि गरम घावणे घेऊन आल्या. विक्रोळी ऐकून म्हणाल्या, ‘ता? त्या दिसा तू हसत इल्लंस.’

‘हसत?’

‘होय तर. पाय हे सुजलले, आणि हसता. जेवताना हसता. मिया इचारलंय, तर म्हणता काय नाय आई, मूर्खपणा.’

विद्याने घावण्याचा तुकडा हातात तसाच धरला. ‘पाय,’ ती म्हणाली. ‘हो गं. पाय सुजले होते. डॉक्टर जेवायला गेले होते. मी त्यांच्या खुर्चीत बसले, पाय स्टुलावर टाकले आणि म्हटलं, आता काही करायचं नाही, मरू दे. नुसती बसले. बराच वेळ. आणि पंखा थांबला.’

‘वरचा?’

‘कॉम्प्युटरचा. तो बारीक आवाज असतो ना आतल्या पंख्याचा, तो थांबला. पडदा काळा. आणि बाहेरून कंपाउंडर ओरडला, गेला.’

मग तिने मला समजावलं, आणि मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. नव्या कॉम्प्युटरमध्ये कंपनीतूनच एक सोय लावून येते. बराच वेळ कुणी हात लावला नाही तर तो वीज वाचवायला स्वतःच मिटून घेतो. डॉक्टर जेवायला गेले की आतलं मशीन असं मिटायचं, आणि बाहेरच्याने काही मागितलं तर देणार कोण? फाइल सापडत नाही. डॉक्टर परत येऊन माउसला हात लावत की ते जागं. आपला प्रोग्राम निर्दोष. ‘आपण बघायला जातो तेव्हा पहिलं काय करतो?’ विद्या म्हणाली. ‘केबिनमध्ये घुसून माउस हलवतो. म्हणजे बिघाड आपणच पळवून लावतो आणि मग शोधत बसतो. तू तिथे कधी काहीही न करता बसलीयस?’

मी कशाला बसेन? आमच्यातलं कुणीच बसत नाही. डॉक्टर नाडी धरून गप्प बसतो, आम्हाला पाच सेकंद हात आवरत नाहीत.

मी विचारलं, ‘मग तेव्हा हे लिहिलं का नाहीस? इतके लोक विचारत होते.’ गॅलरीत साचा चालूच होता. विद्या म्हणाली, ‘लाज वाटली. महिनाभर चार देशांतले लोक माझ्यासाठी डोकं खाजवत होते आणि निघालं काय, तर हे. सगळे सर सर म्हणत होते. सर मूर्ख निघाला तर लोक हसतात आणि विसरतात. बाई निघाली की म्हणतात, बघा.’

‘पण त्यांना कुठे माहीत होतं तू बाई आहेस ते?’

‘मला माहीत होतं ना,’ विद्या म्हणाली. ‘आणि मग हा झाला, आणि राहूनच गेलं सगळं.’

परतताना डबलडेकर बसमध्ये बाबा सगळ्या डेकला ऐकू जाईल असं बाळाबद्दलच बोलत होते. मला धाकधूक होती. विद्याचं आणि माझं दुखणं एकच कशावरून? बघायचं तर डॉक्टरांच्या खुर्चीत काही न करता बसूनच बघावं लागणार होतं. मी विचारलं, बाबा, तुम्ही दिवसभर स्टुलावर नुसते कसे बसता? ते म्हणाले, ‘बसूचा काय शिकूक लागता?’ लागतं, हे मला सोमवारी कळलं.

सोमवारी दुपारी डॉक्टर जेवायला गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. काही केलं नाही. माउस समोर होता. दाताला काहीतरी अडकलं की जीभ तिथेच जाते, तसा हात तिकडे जायचा. शेवटी मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. सीमाने दोनदा डोकावून पाहिलं. ‘ताई, बऱ्या आहात ना तुम्ही? पाणी देऊ?’ मी मानेनेच नको म्हटलं. बाहेर एक गिऱ्हाईक आलं, गेलं. भिंतीवरचं घड्याळ, सीमाच्या बांगड्या, खाली भंगारवाल्याची हाक, आणि या सगळ्याखाली कॉम्प्युटरचा तो बारीक घूं आवाज, जो मी इतके दिवस ऐकलाच नव्हता. आता तेवढाच ऐकू येत होता. नाही थांबला तर आज संध्याकाळी परेशभाईला काय सांगायचं ते मी जुळवत होते. आणि तो थांबला. पडदा काळा झाला.

‘सीमा,’ मी म्हटलं, ‘एक पावती काढ.’

बाहेर कीबोर्डची खडखड झाली. मग रडवेला आवाज, ‘ताई, गेला परत.’

आपला प्रोग्राम बंद पडल्यावर इतका आनंद झालेली मी पहिलीच असेन. मी आत एकटीच हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ती सोय बंद करायला एक टिचकी पुरली. मग मी तशीच हात मांडीखाली घेऊन पुन्हा बसले, डॉक्टर ढेकर देत परत येईपर्यंत. पंखा थांबला नाही. परेशभाईला फोनवर सांगितलं तर म्हणाला, ‘एवढंच? मग इतके दिवस तू काय करत होतीस?’ माउस हलवत होते, मी म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, उद्या डॉक्टरच्या भावाच्या दवाखान्यात जा, त्याला पण नवीन रिपोर्ट पाहिजे. पतपेढीचा विषय त्यानंतर आईने काढला नाही. कोपऱ्यावरच्या बूथवरून मी विद्याला फोन लावला आणि नुसतं ‘गेला’ म्हटलं. ती मोठ्याने हसली. मग म्हणाली, ‘रविवारी ये. काकांना घेऊन ये.’

पुढचं थोडक्यात सांगते. वर्षाच्या आत विद्या परेशभाईंकडे आली, मग आम्ही दोघींनी आपलं वेगळं काढलं, आणि बटण चघळणारा तो पोरगा आज दाढी वाढवून आमच्याच ऑफिसात बसतो आणि मला मॅम म्हणतो. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, ‘सुटलं’ म्हणायचं असेल तर कसं सुटलं तेही लिहायचं, कितीही बावळट असलं तरी. बावळट असेल तर जास्त लिहायचं. पोरं हसतात, पण लिहितात.

पण मला तो दुसरा रविवारच आठवत राहतो. या वेळी आईने सुके बांगडे दिले होते. सासूबाई ते भाजत होत्या, घरभर तो वास, बाबा बाळाला घेऊन गॅलरीत साचा चालवत होते, आणि विद्या कॉम्प्युटरसमोर बसून लिहीत होती. महिनाभर काय काय उगाच बदललं, पाय कसे सुजले होते, डॉक्टरांची खुर्ची, पंखा, टिचकी कुठे मारायची, काहीही न करता कसं बसायचं. एक शब्द गाळला नाही. शेवटी, उशीर झाला, क्षमा करा, असं लिहिलं आणि खाली व्ही. के. न लिहिता पूर्ण नाव घातलं, विद्या कुडाळकर, मुलुंड. बटण दाबायला तिने वेळ घेतला. मी हात मांडीखाली घेतले, आता मला नुसतं बसता येत होतं. मग तिने दाबलं.

इंटरनेटमुळे फोनची लाइन अडकली म्हणून सासूबाई कुरकुरत होत्या, तरी आम्ही बांगडे खाऊन हात धुऊन पुन्हा बघायला आलो. खाली एक उत्तर आलं होतं. नागपूरवाला. अजून वाट बघत होता बिचारा. त्याने लिहिलं होतं, ‘चाललं. थँक्यू सर.’

विद्या बघत राहिली. सासूबाईंनी विचारलं, ‘काय लिवल्यान?’

‘नाव वाचलंच नाही हो त्याने,’ ती म्हणाली. ‘सर म्हणतोय.’

बाबा दारात उभे होते, बाळ त्यांच्या खांद्यावर झोपलं होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आवाज खाली आणला. ‘मगे?’ ते म्हणाले. ‘सरच मां ती.’